स्लीव्ह का बायपास? तीन डॉक्टरांची तीन उत्तरं, मिरजेहून विचारतेय

डबेवाली_मिरज

नमस्कार. वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल विचारायचंय. मी ४४ वर्षांची आहे, मिरजेत खानावळ चालवते. दवाखान्यात पेशंट असला की त्याच्या नातेवाइकांचे डबे माझ्याकडनं जातात, रोजचे साठ-पासष्ट. पहाटे साडेचारला गॅस पेटतो तो दुपारी दोनला बंद होतो, परत पाचला पेटतो. हे आधी सांगते, कारण "चालायला जा" असं सांगणारे खूप भेटले. मी दिवसाचे दहा तास उभीच असते.

उंची ५ फूट १ इंच, वजन १०८ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४५ निघाला. शुगर नऊ वर्षांपासून आहे, तीन गोळ्या आणि गेल्या वर्षीपासून रात्रीचं इन्सुलिन, तरी तीन महिन्यांची शुगर ९.४. छातीत जळजळ एवढी की दोन उशा घेऊन झोपते. मार्चमध्ये एन्डोस्कोपी केली, त्यात हायटस हर्निया, म्हणजे पोटाचा वरचा भाग छातीकडे सरकलाय, आणि अन्ननलिकेला सूज, ए ते डी मधली ग्रेड बी, असं लिहिलंय. दोन्ही गुडघे गेलेत. आठवड्यातनं तीन-चार वेळा दुखण्याची गोळी घेतल्याशिवाय भाकऱ्या होत नाहीत.

माझ्या आईचा पाय शुगरमुळं गुडघ्याखाली काढला. दोन वर्षं मी तिची पट्टी बदलली. गेल्या महिन्यात माझ्या डाव्या अंगठ्याजवळ बूट लागून जखम झाली आणि तीन आठवडे भरली नाही. त्या रात्री ठरवलं की ऑपरेशन करायचं. करू का नको, हा माझा प्रश्न नाही. कुठलं करू, हा आहे.

सांगलीतल्या डॉक्टरांनी चार मिनिटांत सांगितलं, स्लीव्ह करा, सोपं आहे, आतडी हलवायची नाहीत, पोटाची पिशवी कापून नळीसारखी करायची आणि झालं. एन्डोस्कोपीची फाईल माझ्या मांडीवर होती, ती त्यांनी मागितलीही नाही. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, जळजळ आहे म्हणजे बायपासच, पोटाची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. पुण्याचे म्हणाले मिनी बायपास, एकच जोड, वेळ कमी, शुगरला उत्तम. तिघंही शिकलेले, तिघांच्याही भिंतीवर बारीक झालेल्या पेशंटचे फोटो. मी एसटीत बसून तिन्ही कागद मांडीवर घेतले आणि रडायला आलं.

खर्चाचं म्हणाल तर विमा चार वर्षं जुना आहे. बीएमआय ४० च्या वर असल्यामुळं कंपनीकडनं अडचण येणार नाही असं एजंट म्हणतो.

ज्यांनी स्वतः करून घेतलंय त्यांनी सांगा. आणि एक, हसू नका. माझं पोट चव घेण्यावर चालतं. आमटीत मीठ किती हे मी जिभेवर ठेवूनच सांगते. ऑपरेशननंतर ते जमतं का?

---

अजिंक्यतारा_वाहक

ताई, सातारहून लिहितोय. एसटीत कंडक्टर आहे, वय ५१. माझं स्लीव्ह २०१९ ला झालं. त्या वेळी वजन १२८ होतं. दीड वर्षात ८६ वर आलो. गणवेश तीन वेळा आवळून घेतला. पत्नी म्हणायची, लग्नातल्या फोटोतला माणूस परत आला. शुगरच्या गोळ्या दोन वर्षं पूर्ण बंद होत्या.

आता खरं सांगतो. आज वजन ९७ आहे आणि एक गोळी परत सुरू झालीय. त्याचं मला दुःख नाही, १२८ च्या मानानं मी सुखात आहे. त्रास आहे तो जळजळीचा. ऑपरेशनच्या आधी मला पित्त म्हणजे काय ते माहीत नव्हतं, लग्नातलं मटण खाऊन वर जिलेबी खायचो. दुसऱ्या वर्षानंतर सुरू झालं. स्वारगेटची रात्रीची फेरी असली की खंबाटकी घाटात गाडी वळायला लागते आणि आंबट पाणी नाकापर्यंत येतं. तिकिटाचं मशीन एका हातात आणि दुसऱ्या हातानं तोंडावर रुमाल. आता डॉक्टर म्हणतात गोळ्यांनी भागत नसेल तर स्लीव्हचं बायपास करू. म्हणजे दुसरं ऑपरेशन.

मला डॉक्टरांनी नंतर चित्र काढून समजावलं. स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण भाग, कधी त्याहून जास्त, कापून बाहेर काढतात. उरते ती अरुंद नळी. तिच्यात दाब वाढतो आणि खाली वाट चिंचोळी, मग वरच्या बाजूला येतं. कापलेला भाग परत जोडता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

स्लीव्ह वाईट असं मी म्हणणार नाही. माझ्या मेव्हण्याच्या बायकोनं माझ्या पुढच्याच वर्षी केलं, तिला कसलाही त्रास नाही, शेतात ऊस तोडायला जाते. पण तुम्हाला आधीच जळजळ आहे, सूज कागदावर लिहून आलीय. माझ्या जागेवर तुम्ही पहिल्या दिवसापासून उभ्या राहाल. ज्यांनी ती फाईल बघितली नाही त्यांच्याकडे परत जाऊ नका, एवढं कळकळीनं सांगतो.

---

कोयनाकाठ

इंजेक्शन घेऊन बघितलं का? माझा भाऊ मौंजारो घेतोय, आठ महिन्यांत १४ किलो उतरले. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे आलं, जूनमध्ये विगोव्ही पण आलं. पोट कापण्यापेक्षा बरं.

---

डबेवाली_मिरज

दादा, विचारलं होतं. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की बंद केलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणजे वर्षानुवर्षं घ्यावं लागणार. महिन्याची रक्कम ऐकून मी हिशेब केला, माझ्या तीन बायकांपैकी एकीचा पगार. विमा ते देत नाही. तुमच्या भावाला गुण येतोय, चांगलं आहे.

अजिंक्यतारा दादा, घाटातलं वाचून पोटात कालवलं. मनापासून आभार.

---

कराडची_वहिनी

ताई, माझं साधं बायपास, म्हणजे रू-एन-वाय, होऊन सहा वर्षं झाली. ११६ होते, आज ७४ आहे. शुगर पाच वर्षांची होती, इन्सुलिन नव्हतं. दवाखान्यातनं घरी येतानाच गोळ्या अर्ध्यावर आल्या, तिसऱ्या महिन्यात बंद, आजपर्यंत बंद. माझीही जळजळ होती, ती ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून गेली. पहिल्या रात्री मी एका उशीवर झोपले आणि मध्यरात्री उठून नवऱ्याला उठवून सांगितलं की बघा, मी सपाट झोपलेय.

पण कुणी फक्त गोड गोड सांगू नये, म्हणून बाकीचंही लिहिते.

गोडाचं: पहिल्या पाडव्याला सासूबाईंनी प्रेमानं श्रीखंड वाढलं, चार चमचे खाल्ले. वीस मिनिटांत छाती धडधडायला लागली, घामानं ब्लाऊज भिजला, पोटात मुरडा, डोळ्यांपुढं अंधारी. बाजेवर आडवी पडले. त्याला डंपिंग म्हणतात, गोड आतड्यात एकदम उतरतं म्हणून होतं. आता उसाचा रस, काकवी, बासुंदी यांच्या वाटेला जात नाही. आमच्याकडे गुऱ्हाळ आहे हो, तरीही.

गोळ्या: लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, आयुष्यभर. एक दिवाळी मी आळस केला, चार महिने घेतल्या नाहीत. हिमोग्लोबिन ७ वर आलं, शिरेतनं लोह चढवावं लागलं. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळले, ते वर्षभरात परत आले.

आणि आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, म्हणूनच हे लिहायला बसले. दुसऱ्या वर्षी माझी अक्कलदाढ दुखत होती. मेडिकलमधनं दुखण्याच्या गोळ्या आणल्या, तीन आठवडे रोज दोन. मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, फाईलमध्ये लिहिलं होतं, मी विसरले. एके सकाळी शी डांबरासारखी काळी झाली आणि परसात चक्कर येऊन पडले. जिथं पोटाची छोटी पिशवी आतड्याला जोडलेली असते तिथं अल्सर झाला होता. पाच दिवस ॲडमिट. बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक असल्या गोळ्या घ्यायच्या नसतात. पॅरासिटामॉल चालते. तुम्ही आठवड्यातनं तीन-चार घेता म्हणालात. ताई, तुमच्या गुडघ्याचं आधी ठरवा, मग पोटाचं.

---

थिएटर_सिस्टर_सांगली

मी ऑपरेशन थिएटरमध्ये स्टाफ नर्स, १७ वर्षं. त्यातली शेवटची काही वर्षं या ऑपरेशनांना उभी असते. डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय तुमच्या सर्जनचाच. पण टेबलावर काय होतं ते रोज बघते.

कराडच्या वहिनींनी नेमकं बोट ठेवलं. ताई, तुमची केस अवघड का आहे सांगते. जळजळ, सूज आणि हर्निया तुम्हाला बायपासकडे ढकलतात. गुडघ्याच्या गोळ्या तुम्हाला बायपासपासून लांब ओढतात. तिन्ही डॉक्टरांनी तुमच्या वेगवेगळ्या भागाकडे बघितलंय म्हणून तीन उत्तरं आली.

मिनी बायपासबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. त्यात पोटाची लांबट नळी करतात आणि आतड्याचा बराच लांब, साधारण दीड-दोन मीटरचा, भाग सोडून पुढं एकच जोड देतात. साध्या बायपासमध्ये पिशवी अगदी लहान, ३० मिली म्हणजे मोठे दोन चमचे मावतील एवढी, आणि जोड दोन. मिनीत वेळ वाचतो, वजन आणि शुगर दोन्ही छान उतरतं, आपल्याकडे बरीच होतात. पण एकच जोड असल्यामुळं यकृतातनं येणारा पित्तरस त्याच वाटेनं जातो आणि काहींच्या पिशवीत वर चढतो. ज्यांच्या अन्ननलिकेला आधीच सूज आहे त्यांना बरेच सर्जन म्हणून साधं बायपास सुचवतात. पुण्याच्या डॉक्टरांना हाच एक प्रश्न विचारा: माझी ग्रेड बी असताना मिनी का? त्यांच्याकडे उत्तर असेल तर ते नीट ऐकून घ्या.

स्लीव्ह आणि बायपासची समोरासमोर तुलना फिनलंडमध्ये झाली, २४० पेशंट, दहा वर्षं पाठपुरावा, २०२२ ला निकाल छापला. जादा असलेल्या वजनातलं स्लीव्हवाल्यांचं साधारण ४३ टक्के उतरलेलं राहिलं, बायपासवाल्यांचं ५१ च्या आसपास. शुगरच्या बाबतीत दोन्हींत ठोस फरक निघाला नाही. फरक निघाला तो अन्ननलिकेत: सूज स्लीव्हमध्ये ३१ टक्क्यांना, बायपासमध्ये ७ टक्क्यांना. म्हणजे "शुगरसाठी बायपासच" असं डोळे झाकून म्हणता येत नाही, पण तुमच्या जळजळीसाठी कौल स्पष्ट आहे.

शुगरबद्दल अपेक्षा थोडी आवरती ठेवा. कराडच्या वहिनींची पाच वर्षांची, बिनइन्सुलिनची होती. तुमची नऊ वर्षांची, इन्सुलिनवर. उतरेल नक्की, इन्सुलिन पहिल्याच दिवसांत कमी करावं लागतं, पण सगळं बंद होईलच असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध राहा. सी-पेप्टाइडची रक्ततपासणी करून घ्या, स्वादुपिंडात किती जोर उरलाय त्याचा अंदाज येतो.

बायपासची आणखी एक गोष्ट कमी जणांना माहीत असते. मूळ पोट आतच राहतं, फक्त वाटेतनं बाजूला होतं. नंतर नेहमीच्या एन्डोस्कोपीची दुर्बीण तिथं पोचत नाही. म्हणून पोटात अल्सर करणारा एच. पायलोरी हा जंतू आधीच तपासून उपचार करून घेतात. पित्ताशयाची सोनोग्राफीही आधी करा, वजन झपाट्यानं उतरताना खडे होतात. आणि रात्री घोरत असाल तर झोपेची तपासणी, ती भुलीच्या दृष्टीनं लागते.

आता एक विचारते, राग मानू नका. तुम्ही मिश्री लावता का?

---

डबेवाली_मिरज

सिस्टर, तुमचा मेसेज आला तेव्हा मी कणीक मळत होते. शेवटची ओळ वाचली आणि मोबाईल पालथा ठेवला.

हो. बाराव्या वर्षापासून. आजीच्या बोटाला लागलेली पहिली. सकाळी, दुपारी डबे गेल्यावर, आणि रात्री. तिन्ही डॉक्टरांनी "सिगारेट, दारू?" विचारलं, मी नाही म्हणाले. खोटं नव्हतं. मिश्री कुणी विचारली नाही आणि मला ती तंबाखूत मोजायची हे कधी सुचलंच नाही. दात घासायची वस्तू ती आमच्याकडे.

तिचं यात काय?

---

थिएटर_सिस्टर_सांगली

ताई, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. कराडच्या वहिनींना जो जोडावरचा अल्सर झाला, त्याची दोन मोठी कारणं म्हणजे त्या दुखण्याच्या गोळ्या आणि तंबाखू. तुमच्याकडे दोन्ही आहेत. जोड भरायला रक्तपुरवठा चांगला लागतो, निकोटिननं शिरा आकसतात. तुमच्या अंगठ्याची जखम तीन आठवडे भरली नाही, त्यात शुगरचा वाटा मोठा असेल, पण मिश्रीचाही असणार. आमच्याकडे तंबाखूवाल्या पेशंटला निदान सहा आठवडे बंद केल्याशिवाय टेबलावर घेत नाहीत, आणि नंतर कायमची बंद.

आपल्या भागातल्या किती बायका हे सांगत नाहीत म्हणून मी प्रत्येकीला विचारते. तुम्ही सांगितलंत, बरं केलंत. आता सर्जनला सांगा, याच शब्दांत.

---

अजिंक्यतारा_वाहक

ताई, माझी आई सत्तर वर्षं मिश्री लावायची. सोडताना पहिले दहा दिवस वाईट गेले, डोकं दुखायचं, चिडायची. बडीशेप आणि ओवा भाजून डबीत भरून दिला होता, बोटाला तेवढंच काम. सुटली.

---

डबेवाली_मिरज

पाच आठवड्यांनी लिहितेय. वाट बघणाऱ्यांची क्षमा मागते.

कोल्हापूरला परत गेले. या वेळी सगळं सांगितलं, मिश्रीसकट. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, हे आधी सांगितलं असतंत तर मी तुम्हाला तारीख देऊ केलीच नसती. रागावले नाहीत. पाऊण तास बसले. पुण्याच्या डॉक्टरांनाही फोन करून सिस्टरनी दिलेला प्रश्न विचारला. त्यांनी एन्डोस्कोपीचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवले, बघितले, आणि स्वतःच म्हणाले की हे बघता साधं बायपास करून घ्या, जवळ कोल्हापूरलाच करा, म्हणजे पुढच्या तपासण्यांना हेलपाटा नाही. त्या माणसाबद्दल मला आदर वाटला.

तर बायपास, रू-एन-वाय. पण आधी गुडघे. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या पूर्ण बंद करून पॅरासिटामॉल, वरनं लावायचं मलम आणि मांडीचे व्यायाम दिले. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, दहा मोजायचे, खाली. डबे भरून झाले की करते. आमच्या ह्यांनी लोखंडी दुकानातनं उंच स्टूल करून आणलं, भाकरी आता बसून थापते. पहिले दोन दिवस भाकऱ्या वाकड्या आल्या, परातीतला हात बसायला वेळ लागला. आता गोल येतात.

एच. पायलोरी निघाला, चौदा दिवसांचा कोर्स झाला. पित्ताशयात खडे नाहीत. सी-पेप्टाइड बरं आलं, पण इन्सुलिन सुटेल असं वचन डॉक्टरांनी दिलं नाही आणि मीही मागितलं नाही. झोपेची तपासणी पुढच्या मंगळवारी.

मिश्री बंद करून आज तेहेतीस दिवस झाले. डबी टाकवली नाही, आजीची पितळी आहे. घासून घेतली, आत भाजलेला ओवा ठेवलाय. अकराव्या दिवशी गल्लीतल्या काकूंनी समोर भाजायला घेतली, तो वास आल्यावर मी मागच्या दारानं उठून कृष्णा घाटापर्यंत चालत गेले आणि डबे अर्धा तास उशिरा गेले. एका पेशंटच्या मुलानं फोन करून विचारलं, मावशी बरं आहे ना? अंगठा भरलाय.

वहिनी, चवीचं राहिलं. मी विचारलं होतं, कुणी उत्तर दिलं नाही.

---

कराडची_वहिनी

ताई, चुकलं माझं, ते सांगायचं राहिलंच. पहिले दोन आठवडे पातळच असतं, डाळीचं पाणी, ताक. तेव्हा तुमच्या बायकांपैकी कुणाला तरी चव बघायला शिकवून ठेवा, आत्तापासनं. नंतर जमतं. चमच्याच्या टोकावर घ्यायचं, जिभेवर फिरवायचं, थुंकायचं. गिळलं तरी तेवढ्यानं काही होत नाही, फक्त गोड पदार्थाचं गिळू नका. आणि एक विचित्र गोष्ट, मला काही महिने सगळ्यात मीठ जास्त झाल्यासारखं वाटायचं. घरचे म्हणायचे अळणी झालंय, मला खारट. तेव्हा साठ डब्यांचं मीठ पहिले तीन महिने एकट्या तुमच्या जिभेवर सोडू नका.

जेवताना पाणी नाही, आधी आणि नंतर अर्धा तास सोडून. उभं राहून घाईत खायचं तर अजिबात नाही. तुमच्यासारखीला हेच सगळ्यात जड जाईल. एक वाटी, एक जागा, वीस मिनिटं, आणि आधी डाळ किंवा अंडं, मग भाकरी.

---

डबेवाली_मिरज

वहिनी, शिकवायला घेतलं. सगळ्यांत धाकटी आहे तिची जीभ चांगली आहे, काल तिनं आमटीत चिंच जास्त झाली हे माझ्या आधी ओळखलं. सिस्टर, पातेली उचलायला किती दिवसांनी चालतात? पंधरा लिटरचं असतं.

---

थिएटर_सिस्टर_सांगली

सहा आठवडे नाही. दुर्बिणीतनं केलं तरी आतले टाके तेवढाच वेळ मागतात. चालणं मात्र त्याच संध्याकाळी सुरू करतील. तारीख ठरली की कळवा, मी कोल्हापूरला भेटायला येईन.